वाड्यातल्या मातीची सवय आणि फ्लॅटमधला लिटर बॉक्स

प्रश्न: आमच्या मावसबहिणीचा शुक्रवार पेठेतला वाडा पुनर्बांधणीसाठी रिकामा करावा लागला, तेव्हा तिथल्या अंगणात वाढलेला गोट्या नावाचा पाच महिन्यांचा बोका आम्ही जुलैच्या सुरुवातीला कोथरूडच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणला. त्याच्यासाठी झाकणाचा चांगल्यातला लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे, आणि त्यात भरायचे लॅव्हेंडरच्या वासाचे दाणेदार लिटर आणून ते ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवले. पहिले दोन-तीन दिवस तो तिथे गेला. मग एकदा मशीनमध्ये कपडे पिळले जात असताना तो आत होता, तो घाबरून पळाला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. आता दिवसा तो गॅलरीतल्या कुंड्या उकरतो आणि रात्री सासूबाईंच्या गादीवर लघवी करतो. डासांमुळे रात्री ड्राय बाल्कनीचे दार आम्ही लावून घेतो. गादी आणि फरशी मी प्रत्येक वेळी फिनेलने पुसते, तरी तो पुन्हा तिथेच जातो. गेल्या आठवड्यात तो दोनदा बराच वेळ बसून राहिला आणि थेंबभरच लघवी झाली. त्याचे नाक त्या जागी घासावे असे सासूबाई म्हणतात, तर यजमान त्याला परत द्यायला निघाले आहेत. नणंद दिवाळीनंतर बाळंतपणासाठी येणार आहे, तिची काळजी वेगळीच. गोट्याला आता शिकवता येईल का, की त्याचे शिकण्याचे वय निघून गेले? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: तुमच्या पत्रातले थेंबभर लघवीचे वाक्य वाचल्याबरोबर मी तुम्हाला वेगळे कळवले होते आणि तुम्ही त्याच संध्याकाळी गोट्याला पशुवैद्याकडे नेले, हे फार चांगले केलेत. मूत्राशय भरून तटलेले नाही आणि लघवीच्या तपासणीत खडे किंवा संसर्ग आढळला नाही, असे तुम्ही कळवल्यामुळेच आता आपण निश्चिंतपणे सवयीबद्दल बोलू शकतो. तरीही इतर वाचकांसाठी ती गोष्ट इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो आणि बारीक खडे किंवा चिकट स्राव अडकून तो पूर्ण बंद होऊ शकतो. बोका पुन्हापुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, लिंग चाटत राहतो आणि लघवी मात्र होत नाही, अशी अवस्था दिसली तर ती बद्धकोष्ठता असेल असे समजून दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. मार्ग पूर्ण बंद झाल्यास रक्तातील पोटॅशियम वाढते, मूत्रपिंडे काम थांबवतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजर अचानक ट्रेबाहेर जाऊ लागले की पहिली शंका आजाराची घ्यावी आणि ती फिटल्यावरच सवयीकडे वळावे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गोट्याला तुम्ही नव्याने काही शिकवायचे राहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मांजराचे पिल्लू साधारण तीन-चार आठवड्यांचे होईपर्यंत आई त्याला चाटून शी-शू करायला लावते. त्यानंतर ते आपणहून मोकळी, भुसभुशीत जागा शोधते, उकरते, कार्यभाग उरकते आणि झाकून टाकते. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मात्र या वयात पायाखाली जे येते, त्याची आवड पुढेही टिकते. गोट्याच्या पायाखाली अंगणातली माती होती, डोक्यावर छप्पर नव्हते, चारही बाजूंनी पळून जायला वाट होती आणि जागा दिवसरात्र खुली होती. तुमच्या घरी आल्यावर त्याच्या दृष्टीने या चारही गोष्टी एकदम काढून घेतल्या गेल्या. तुम्ही हे मुद्दाम केले नाही. दुकानात झाकणाचा बॉक्स आणि सुगंधी लिटरच पुढे केले जाते, कारण त्यांची रचना विकत घेणाऱ्या माणसाच्या नाकाचा विचार करून केलेली असते.

तुम्ही सांगितलेल्या घटना एकेक करून पाहिल्या तर त्यातली प्रत्येक गोष्ट उलगडते. झाकणाच्या बॉक्समध्ये वास कोंडतो आणि बाहेर पडायला एकच तोंड असते. मांजर शी-शू करताना स्वतःला असुरक्षित समजते आणि त्या वेळी त्याला आजूबाजूचे दिसावे लागते. अशा कोंदट जागेत असताना हातभर अंतरावर मशीन घुमू लागले, तेव्हा गोट्याच्या मनात भीती आणि तो बॉक्स यांची गाठ बसली. माणसाला मशीन बंद झाले की विषय संपतो. मांजर मात्र त्या जागेवरच अविश्वास ठेवते. लॅव्हेंडरचा वास आपल्याला सौम्य वाटत असला तरी त्याच्या नाकाला तो उग्र लागतो, आणि त्यात भर म्हणून ड्राय बाल्कनीची फरशीही तुम्ही फिनेलने पुसत होता. रात्री तर दारच बंद. मग त्या घरात मातीसारखे उकरता येणारे जे होते, ते त्याने दिवसा निवडले, म्हणजे कुंड्या. आणि रात्री गॅलरीही बंद झाल्यावर उकरता येणारी, मऊ, शोषून घेणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे कापसाची गादी. यात सूड किंवा खोडी मुळीच नाही. सासूबाईंना हे समजावून सांगताना एवढे जरूर सांगा, की गादी त्याने त्यांच्यावर राग धरून निवडलेली नाही.

सर्वांत आधी फिनेल बंद करा, आणि हे मी केवळ वासासाठी सांगत नाही. फिनॉल आणि त्याच्या जातीची रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया व्हावी लागते, ती मांजरात अतिशय कमी होते. त्यामुळे माणसाला किंवा कुत्र्याला फारशी न बाधणारी मात्राही मांजराला विषारी ठरू शकते. ते ओल्या फरशीवरून चालते आणि नंतर पंजे चाटते, म्हणजे फरशीवरचे औषध थेट पोटात जाते. काळे फिनेल, पाइनच्या वासाचे पांढरे फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जखमा धुण्याची जंतुनाशके या तिन्ही गोष्टी मांजराच्या घरात फरशीसाठी वापरू नयेत. ब्लीचिंगचे द्रावणही लघवीच्या डागावर ओतू नये, कारण लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन श्वासाला त्रास देणारे वायू तयार होतात. रोजची फरशी साध्या पाण्याने किंवा थेंबभर सौम्य साबणाने पुसून, पुन्हा स्वच्छ पाण्याचा हात फिरवून, पंख्याखाली वाळू द्यावी. आपल्याकडे फिनेलचा वास आला की घर स्वच्छ झाले अशी अनेकांची भावना असते. ती मी समजू शकते, पण मांजर घरात असताना ती बाजूला ठेवावीच लागेल.

शिवाय ज्या कामासाठी तुम्ही फिनेल वापरत होता, ते काम फिनेलने होतही नाही. मांजराच्या लघवीतले यूरिक आम्ल वाळून त्याचे बारीक स्फटिक गादीच्या तंतूंत बसतात, आणि ते साध्या पाण्यात किंवा साबणात नीट विरघळत नाहीत. हवेत ओल आली की त्यांचा वास पुन्हा उठतो. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सततच्या दमट हवेत तुम्हाला आठवड्यापूर्वीचा डाग पुन्हा वास मारतो आहे असे वाटले असेल, तर त्याचे कारण हेच. आपल्या नाकाला फिनेल येते, पण गोट्याच्या नाकाला त्याखालची स्वतःची खूण स्पष्ट कळते, आणि ती खूण त्याला ही लघवीची जागा आहे असेच सांगते. यावर खरा उपाय एन्झाइम (लघवीतले घटक तोडणारी प्रथिने) असलेल्या क्लीनरचा आहे, जो पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. डाग ताजा असेल तर आधी जुन्या सुती कापडाने दाबून ओल टिपून घ्यावी, घासू नये. फिनेल लागलेले असेल तर तो भाग साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढावा, कारण फिनेलच्या अंशामुळे एन्झाइम निकामी होतात. मग लघवी जितकी खोल गेली असेल तितकाच क्लीनरही खोल जाईल एवढा ओतावा, डबीवर लिहिलेला वेळ तो तसाच राहू द्यावा आणि नैसर्गिकपणे वाळू द्यावा. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की लघवीचे जुने डाग चमकतात, त्यामुळे राहून गेलेल्या जागाही सापडतात.

कापसाच्या गादीबद्दल मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. लघवी आतल्या कापसात अनेकदा मुरली असेल, तर वरून केलेला कोणताही उपाय पुरेसा होत नाही. गादी उसवून आतला खराब कापूस काढून टाकावा, उरलेला पिंजून घ्यावा आणि खोळ एन्झाइमच्या पाण्यात भिजवून धुवावी. हे पावसाळ्यात करणे कठीण असल्याने उघडीप मिळेपर्यंत ती गादी उचलून दुसरीकडे ठेवावी आणि सासूबाईंच्या पलंगावर, तान्ह्या बाळाखाली घालतात तसले रबरी कापड अंथरून त्यावर चादर घालावी. निदान तीन आठवडे त्यांच्या खोलीचे दार गोट्यासाठी बंद असावे. त्यांची झोप आणि त्यांच्या अंथरुणाची स्वच्छता हा प्रश्न मांजराच्या प्रश्नाइतकाच खरा आहे, आणि तो आधी सुटला तर घरातला ताणही पुष्कळ उतरेल.

आता नवी व्यवस्था. झाकणाचा बॉक्स सध्या बाजूला ठेवा. त्याचे झाकण काढून खालचा भाग पुढे वापरता येईल, पण त्या वस्तूशी गोट्याची भीती जोडली गेलेली असल्याने पहिल्या महिन्यात तो नकोच. बोहरी आळीत किंवा तुमच्या जवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात प्लॅस्टिकचे मोठे घमेले मिळते. ते उथळ, पसरट आणि उघडे असल्याने अंगणातून आलेल्या मांजरासाठी मला सर्वांत योग्य वाटते. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी असा साधारण नियम आहे. पाच महिन्यांच्या गोट्याला अठरा इंची घमेले पुरेल, पण तो वाढला की कपडे किंवा पांघरुणे ठेवायचा लांबट प्लॅस्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू पाच-सहा इंचांपर्यंत कापावी आणि कड घासून गुळगुळीत करावी. बाजारात मिळणारे बहुतेक ट्रे पूर्ण वाढलेल्या बोक्याला लहान पडतात, आणि मग पुढचे पाय आत पण मागचा भाग बाहेर अशा स्थितीत शू जमिनीवर जाते, ज्याचा दोष विनाकारण मांजराला दिला जातो.

घमेल्यात पहिल्या आठवड्यात लिटर नको, माती घाला. नर्सरीत पोयटा किंवा लाल माती पोत्याने मिळते. तिच्यात शेणखत, गांडूळखत किंवा रासायनिक खत मिसळलेले नाही याची खात्री करून घ्या, ओली असेल तर वर्तमानपत्रावर पसरून वाळवा आणि चाळून खडे काढून टाका. बांधकामावरची क्रश सँड घेऊ नका, तिचे कण टोकदार असतात. मातीचा थर दोन ते अडीच इंच असावा. दुसऱ्या आठवड्यापासून या मातीत बिनवासाचे, बारीक दाण्याचे, गोळा होणारे बेंटोनाइट लिटर मिसळायला लागा: आधी चार भागांत एक भाग, तीन-चार दिवसांनी अर्धे, मग तीन भाग, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण लिटर. मधल्या कोणत्याही पायरीवर गोट्या संकोचला किंवा बाहेर गेला, तर एक पायरी मागे येऊन आणखी चार दिवस थांबा. बेंटोनाइट ही मुळात चिकणमातीच असते. आपल्या देशात ती कच्छमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडते आणि भिजली की फुगून घट्ट गोळा होतो, म्हणून तिचा हा उपयोग १९८० च्या दशकात सुरू झाला. त्याआधी, १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी पहिल्यांदा मांजरासाठी जे पाकीटबंद लिटर विकले, ते मुलतानी मातीचे दाणे होते, आणि त्यापूर्वी लोक राख व वाळू वापरत. सांगायचा मुद्दा असा, की लिटर हे मातीचेच एक रूप आहे आणि मातीपासून त्याच्याकडे जाणारी वाट मांजराला अवघड वाटत नाही, फक्त ती एका उडीत पार करायला लावू नये. तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेल्या वाचकांनी मात्र गोळा होणारे लिटर वापरू नये, कारण पिल्ले ते खाऊन पाहतात आणि ते पोटात फुगू शकते.

जागेबद्दल मला थोडे आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण बहुतेक घरांत मांजराची व्यवस्था तिथेच बिघडते. आपण ट्रे आपल्या नजरेआड होईल अशा ठिकाणी ठेवतो, म्हणजे ड्राय बाल्कनी, न्हाणीघर किंवा जिन्याखालचा कोपरा. ड्राय बाल्कनीत मशीन, मोलकरणीची भांडी आणि पावसाची झड असते. न्हाणीघराची फरशी दिवसभर ओली असते, आणि ओल्या फरशीवरून चालून जाणे मांजराला नकोसे वाटते. तुमच्या घराच्या वर्णनावरून बैठकीच्या खोलीतला अभ्यासाच्या टेबलाशेजारचा कोपरा मला योग्य वाटतो. तिथे शांतता आहे, मागे भिंत आहे, समोर खोलीचे दोन्ही दरवाजे दिसतात आणि रात्री तिथे जायला कोणतेही दार आड येत नाही. सासूबाईंचे देव त्यांच्या खोलीत असल्याने सोवळ्याचाही प्रश्न येत नाही. दुसरे घमेले तुमच्या झोपण्याच्या खोलीजवळच्या बोळात ठेवावे. एका मांजराला दोन ट्रे हे चैनीचे वाटेल, पण मांजरे जितकी त्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा नियम अनुभवाने सिद्ध झालेला आहे. अनेक मांजरे शी एका ठिकाणी आणि शू दुसऱ्या ठिकाणी करणे पसंत करतात. अन्नाचे आणि पाण्याचे भांडे ट्रेपासून शक्य तितके लांब ठेवा. ट्रेपुढे जुना टॉवेल किंवा सुती पायपुसणे अंथरले, की पंजांना लागलेली माती घरभर होत नाही.

पहिले चार-पाच दिवस गोट्याला बैठकीच्या खोलीपुरतेच ठेवा. घर लहान केले की गोंधळही कमी होतो. तिथेच त्याचे खाणे, एका बाजूने उघडा पुठ्ठ्याचा खोका लपायला, आणि वाड्यातून आणलेले एखादे फडके असेल तर तेही ठेवा. दिवसातून तीनदा ठरावीक वेळी खायला द्या आणि दिवसभर अन्न पुढे ठेवू नका, कारण जेवणाची वेळ ठरली की शीचीही ठरते. जेवल्यानंतर, झोपून उठल्यानंतर आणि खेळून झाल्यानंतर त्याला हळूच घमेल्याजवळ न्या, आणि बोटाने माती जराशी उकरून त्याचा आवाज ऐकवा. त्याचे पंजे धरून माती उकरायला लावू नका, कारण हात धरून केलेल्या कोणत्याही सक्तीला मांजर धोका समजते. तो आत गेला की दूर सरका, त्याच्याकडे टक लावून पाहू नका, आणि बाहेर आल्याबरोबर हळू आवाजात कौतुक करून एखादा आवडता तुकडा द्या.

सकाळी आणि रात्री एकेकदा ट्रेमधली घाण झाऱ्यासारख्या स्कूपने काढलीच पाहिजे. पूर्ण वाढलेले निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा शू आणि एकदा शी करते. गोळ्यांची संख्या आणि आकार रोज नजरेखालून गेला, तर आजाराची चाहूल तुम्हाला पशुवैद्याच्याही आधी लागेल, आणि गोट्यासारख्या बोक्याच्या बाबतीत ही फार मोलाची गोष्ट आहे. माती गोळा होत नसल्याने सुरुवातीला ओली माती वरच्या वर काढून नवी घालावी लागेल आणि ती दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण बदलावी लागेल. लिटरवर आल्यावर ते आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलून घमेले गरम पाणी व सौम्य साबणाने धुवावे आणि पूर्ण कोरडे करून मगच भरावे.

कुंड्यांचा प्रश्न सोपा आहे. माती उघडी दिसली की तो उकरणार, म्हणून ती दिसू देऊ नका. नदीतले मोठे गोटे, नारळाच्या शेंड्या किंवा मातीवर आडवी बसवलेली जाळी यांपैकी काहीही चालेल. तुळशीची कुंडी उंचावर टांगता आली तर उत्तम. मात्र घरात मातीचे घमेले तयार झाल्यावरच कुंड्या झाका, आधी नाही. आहे तो मार्ग बंद करून नवा न देणे म्हणजे त्याला पुन्हा गादीकडे पाठवणे होय.

नाक घासण्याबद्दल सासूबाईंना माझ्या वतीने आदराने सांगा, की ही रीत पूर्वी घरोघर होती, पण तिचा उपयोग होत नाही आणि नुकसान मात्र होते. लघवी करून झाल्यावर काही मिनिटांनी झालेल्या शिक्षेचा संबंध मांजर त्या कृतीशी जोडत नाही. ते तो संबंध शिक्षा करणाऱ्या माणसाशी जोडते. मग ते माणसासमोर शू करणे टाळते आणि पलंगाखाली, कपाटामागे, कोणाला सापडणार नाही अशा जागा शोधते, शिवाय भीतीच्या ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊन लघवी थेंबथेंब होऊ लागते. आजार नसताना गोट्याची जी अवस्था झाली होती, तिचे हेही एक कारण असू शकते. त्याला दुपारचे खाणे सासूबाईंनी स्वतःच्या हाताने द्यावे अशी विनंती त्यांना करून पाहा. ज्या हाताने खाऊ मिळतो त्याच्याशी मांजराचे नाते लवकर जुळते, आणि सासूबाईंचाही त्याच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन त्याने बदलेल असे मला वाटते.

नणंदेबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडू शकतो आणि गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका संभवतो, हे खरे आहे. पण मांजर हा परजीवी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकते, आणि विष्ठेतून पडल्यावर त्याला संसर्ग करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोज न चुकता घाण काढली तर धोका अत्यंत कमी होतो. ते काम नणंदेने करू नये, तुम्ही किंवा यजमानांनी हातमोजे घालून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. गोट्याला कच्चे मांस देऊ नका आणि त्याला बाहेर सोडून उंदीर-पक्षी मारू देऊ नका, कारण त्याला लागण तिथूनच होते. अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली पालेभाजी आणि बागेतली माती यांतूनही माणसाला हा संसर्ग होतो, हे नणंदेला आवर्जून सांगा, आणि कुंड्यांचे काम तिला करू देऊ नका. तिच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे कळवून ठेवा, त्यांना आवश्यक वाटल्यास ते रक्ततपासणी सुचवतील.

काढलेली घाण संडासात टाकू नका. बेंटोनाइट पाण्यात फुगते आणि इमारतीची नळवाहिनी तुंबवते. सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातही ती घालू नये, कारण त्या खतात परजीवी टिकून राहू शकतात. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून, डायपरवर करतात तशी लाल खूण करून, ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळी द्या. ‘स्वच्छ’ संस्थेच्या ज्या ताई तुमच्या दारात कचरा न्यायला येतात, त्यांना पुडक्यात काय आहे ते आधी सांगा. त्या हाताने कचरा वेगळा करतात, आणि आपल्या मांजराची घाण त्यांच्या हाताला लागू नये ही जबाबदारी आपली आहे.

नसबंदीचा निर्णय आता लांबवू नका. पाचव्या-सहाव्या महिन्यात बोका वयात येऊ लागतो आणि मग उभे राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर फवारा मारू लागतो. हे ट्रेबाहेर शू करण्यापेक्षा वेगळे आहे आणि कितीही चांगला ट्रे दिला तरी थांबत नाही. वेळेवर नसबंदी केली तर बहुतांश बोक्यांत ही सवय लागतच नाही. लागून मुरल्यानंतर शस्त्रक्रिया केली, तर काही बोक्यांत ती मागे उरते. पशुवैद्याशी बोलून या महिन्यातच तारीख ठरवा, आणि शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ट्रेमध्ये माती किंवा दाणेदार लिटरऐवजी फाडलेला कागद घाला, म्हणजे जखमेत कण जाणार नाहीत. त्या दिवसांत लिटरकडे जाण्याचा क्रम थांबला तरी हरकत नाही, जिथे थांबला होता तिथूनच तो पुढे सुरू करता येतो.

तुमच्या यजमानांना द्यायचे उत्तर असे, की ही व्यवस्था नीट पाळली तर पहिल्या आठवड्यातच फरक दिसावा आणि तीन ते सहा आठवड्यांत सवय पक्की व्हावी. परत द्यायला तो वाडाही आता राहिलेला नाही. मधे एखाद्या दिवशी चूक झाली तर त्या दिवशी घरात काय वेगळे घडले ते पाहा: पाहुणे, फटाके, ट्रे साफ करायचा राहिलेला, दार चुकून लागलेले. घमेले पुढे कधी ड्राय बाल्कनीत न्यायचेच असेल, तर पूर्ण लिटरवर आल्यानंतर निदान महिनाभर थांबा, मग ते रोज वीतभरच सरकवा, मशीनच्या विरुद्ध बाजूला ठेवा आणि ड्राय बाल्कनीच्या दारात खाली मांजराला जाता येईल एवढी फट कापून तिच्यावर झुलते झाकण बसवून घ्या, म्हणजे डासही येणार नाहीत. बोळातले दुसरे घमेले मात्र त्यानंतरही हलवू नका.